लाल पेन्सिलीची वही

वडोदरा, २० जानेवारी २०२५

प्रिय विनू,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर एकही पत्र लिहिले नाही, त्याबद्दलची बोलणी नंतर खाईन. परवा बापूंना घेऊन खाडिलकरांच्या नाटकावरचा ‘संगीत मानापमान’ चित्रपट पाहिला आणि तेव्हापासून मन ठिकाणावर नाही.

ज्या गावच्या सयाजीरावांनी बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीला राजाश्रय दिला, तिथे थिएटरात आम्हांला धरून नऊ माणसे होती. दिग्दर्शक सुबोध भावे यांनी खर्चात कसूर केलेली नाही. शंकर-एहसान-लॉय यांचे संगीतही कानाला गोड आहे. पण रंगमंचावर नायिका भामिनी ‘नाही मी बोलत नाथा’ म्हणते आणि पुढची दहा मिनिटे त्या न बोलण्याविषयीच बोलत राहते. गोविंदराव टेंब्यांच्या ठुमरीच्या वळणाच्या चालीत तो रुसवा जागच्या जागी घोळत राहतो, आणि खाडिलकरांचा सगळा मान-अपमान तिथेच उमगतो. पडद्यावर गाणे सुरू झाले की कॅमेऱ्यालाच घाई. बापूंची बोटे खुर्चीच्या हातावर सूर धरत होती, ती मध्यंतराआधीच थांबली. मग त्यांनी विचारले, “ऑर्गन कोण वाजवतंय?” मी समोशाचे निमित्त करून बाहेर पडलो.

परतताना सुरसागर तलावापाशी मी चित्रपटाला यथेच्छ शिव्या घातल्या. बापू शांतपणे म्हणाले, “तुम्हीसुद्धा कापली होतीत.”

विनू, १९८९ साली इथल्या गांधी नगरगृहात आपल्या ‘मानापमान’च्या प्रयोगात शेवटची बस चुकू नये म्हणून आठ पदे मीच गाळली होती. तू भांडलास, १९११ सालचे नाटक आणि १९२१ सालचा बालगंधर्व-केशवराव भोसल्यांचा संयुक्त प्रयोग तोंडावर फेकलास. मी तुला पुराणिकबुवा म्हटले. (तरीही तुझ्या दोन वन्समोअरपायी माझ्या लक्ष्मीधराचा प्रवेश उडाला, हे मी विसरलेलो नाही.) त्यानंतर आपण ते नाटक पुन्हा उभे केलेच नाही. मुक्ताला चित्रपट आवडला. तिने नाटक पाहिलेलेच नाही, तेव्हा तिला काय सांगणार?

माझी साखर आटोक्यात आहे. तुझा गुडघा बरा असेल. नातीच्या बारशाला आलो नाही, वहिनींची माफी मागतो.

लाल पेन्सिलीने काट मारलेली ती वही तुझ्याकडेच आहे. कुरिअरने पाठव. बापूंनी काल पायपेटीचा भाता शिवायला दिला आहे.

तुझा,
बाळ्या