शिडाच्या कॅटामरानसाठी घेतलेल्या तीन कव्हरांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: हॉबी 16 कॅटामरानची तीन कव्हरे व साठवण संच. सदोष बेतणी, सदोष शिवण आणि चुकीचे माहितीपत्रक यांमुळे माल वॉरंटीत बदलून मिळणेबाबत.

महोदय / महोदया,

गेल्या ऑक्टोबरात आम्ही तुमच्याकडून हॉबी 16 जातीच्या तीन कॅटामरानसाठी (दोन समांतर तरंगत्या अंगांच्या शिडाच्या होड्यांसाठी) तीन कव्हरे आणि तीन साठवण संच (होडीखाली ठेवायचे फोमचे ठोकळे) घेतले. होड्या खडकवासला धरणाच्या काठावर उघड्यावर, डोलकाठी उभी ठेवून लावलेल्या असतात हे ऑर्डर देतानाच कळवले होते, आणि बिलावरही ‘डोलकाठी उभी’ हाच प्रकार लिहिलेला आहे. वॉरंटी दोन वर्षांची आहे. जूनच्या मध्यावर पावसाने जोर धरला त्याच आठवड्यात तिन्ही कव्हरे फाटली, आणि तिन्ही एकाच जागी फाटली: डोलकाठीसाठी ठेवलेल्या चिरेपासून पुढे, दोन हलांच्या (होडीच्या तरंगत्या अंगांच्या) टोकांकडे. तीन होड्या, तीन कव्हरे आणि फाटण्याची जागा एकच, एवढ्यावरूनच तुमच्या कारखान्यातल्या माणसाला काय ते कळायला हवे होते.

आमच्या पहिल्या पत्राला तुमच्याकडून चार ओळींचे उत्तर आले. त्यात तीन कारणे दिली आहेत: अतिवृष्टी, खाऱ्या पाण्याचा परिणाम आणि वापरातील निष्काळजीपणा.

खाऱ्या पाण्याचे आधी संपवू. खडकवासला हे गोड्या पाण्याचे धरण आहे, पुण्याच्या नळाला तेच पाणी येते. घाट उतरल्याशिवाय इथून समुद्र भेटत नाही. या तीन होड्या कव्हरे घेतल्यापासून समुद्रावर गेलेल्या नाहीत. तरीही कव्हरांच्या कडेच्या, दोरी ओवायच्या रिंगा गंजल्या, कारण त्या तुम्ही छापल्याप्रमाणे पितळी नाहीतच. फ्रिजवरचा साधा लोहचुंबक लावला तर तो टक्कन चिकटतो, आणि पितळेला चुंबक चिकटत नाही. वर पिवळा मुलामा आणि आत लोखंड, असा हा माल आहे. गंजाचे तपकिरी ओघळ कापडावरून खाली उतरून पांढऱ्या हलवर आले आहेत आणि जेलकोटवरचे (हलच्या बाहेरच्या चकचकीत थरावरचे) ते डाग साध्या साबणाने निघत नाहीत.

आता अतिवृष्टी. महसूल खात्याच्या हिशेबाने 24 तासांत 65 मि.मी.च्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. आपण तेवढाही धरू नये, 50 मि.मी.च धरू. एक मि.मी. पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते. हॉबी 16ची लांबी 5.04 मीटर, रुंदी 2.41 मीटर. हल जोडणाऱ्या पुढच्या आडव्या नळीच्या पुढे दोन हलांच्या मध्ये काहीच नसते. ट्रॅम्पोलिन (माणसे बसतात ते ताणलेले कापड) नाही, फळी नाही, नुसती मोकळी जागा. ही जागा साधारण साडेतीन चौरस मीटर भरते. तुमचे कव्हर तिच्यावरून सपाट ताणलेले आहे, खालून आधार शून्य. 50 मि.मी. पावसाचे तिथे 175 लिटर, म्हणजे 175 किलो पाणी होते. अख्ख्या होडीचे वजन 145 किलो आहे. निम्मे पाणी ओघळून गेले असे मानले तरी राहिलेली ऐंशी-नव्वद किलोंची झोळी कापडाला खाली आणि पुढे ओढत राहते, आणि त्या ओढीचा सगळा ताण जाऊन बसतो डोलकाठीच्या चिरेच्या टोकावर. कापड तिथूनच उसवले. त्यामुळे पाऊस किती पडला हा प्रश्नच गौण आहे. वळवाच्या एका चांगल्या सरीतही इथे झोळी धरते.

मूळ दुखणे बेतण्यात आहे. तुमच्या कारागिराने कॅटामरान वरून पाहिली, बाजूने पाहिलेली दिसत नाही. वरून ती आयत दिसते, म्हणून 5 मीटर बाय 2.4 मीटरचा आयत कापला, कडेला झालर लावली आणि मध्ये चीर दिली. बाजूने पाहिले असते तर लक्षात आले असते की हॉबी 16चा ट्रॅम्पोलिनचा सांगाडा हलच्या डेकवर (वरच्या पृष्ठभागावर) टेकलेला नसतो. तो चार पायांवर वितभर उंच उभा असतो. म्हणजे कापड आधी सांगाड्यावर चढते आणि मग पुढे टोकांकडे उतरते. या चढउताराला लागणारे जास्तीचे कापड बेतात धरलेलेच नाही. म्हणून कव्हर मध्ये ताठ, बाजूला आखूड आणि पुढे झोळीसारखे बसते. डेक सपाट असलेल्या दुसऱ्या एखाद्या कॅटामरानवर हाच नमुना कदाचित नीट बसेल. आम्ही मागवले होते ते मात्र हॉबी 16चे.

डोलकाठी आडवी ठेवायची असती तर गोष्ट सोपी होती. साधारण आठ मीटरची काठी होडीच्या मधोमध पुढून मागे आडवी टाकली, दोन्ही टोकांना उभा आधार दिला, की तीच मांडवाच्या आढ्यासारखी मधला कणा होते आणि बोहरी आळीतून आणलेली साधी ताडपत्रीसुद्धा तिच्यावरून दोन्हीकडे नीट उतरते. काठी उभी असते तेव्हा हा कणा वेगळा करावा लागतो. डोलकाठीला ट्रॅम्पोलिनपासून 60 सें.मी. उंचीवर दोरी बांधायची, ती पुढे ब्रिडलपर्यंत (दोन हलांच्या टोकांकडून येऊन डोलकाठीच्या पुढच्या तारेला मिळणाऱ्या तारांपर्यंत) आणि मागे सुकाणूच्या दांड्यापर्यंत ताणायची आणि कव्हर तिच्यावरून सोडायचे. होडीची निम्मी रुंदी 1.2 मीटर आणि कणा 60 सें.मी. वर, म्हणजे दर मीटरला अर्धा मीटर उतार. एवढ्या उतारावर पाणी थांबत नाही. या उतारासाठी एका बाजूला 1.34 मीटर कापड लागते, दोन्ही मिळून 2.68 मीटर. तुम्ही दिलेय 2.4. अठ्ठावीस सेंटीमीटर कापड वाचवण्याच्या नादात सगळे कव्हर वाया गेले.

किंवा मग कव्हर तीन तुकड्यांत करावे: ट्रॅम्पोलिनवर एक आणि दोन्ही हलांच्या पुढच्या भागाला मोज्यासारख्या दोन बाह्या. मधली मोकळी जागा मोकळीच सोडायची. पाणी सरळ जमिनीवर पडेल. आमचे मत या दुसऱ्या पद्धतीकडे झुकते, कारण त्यात वाऱ्याला धरायला मोठे कापडच उरत नाही. एप्रिल-मेमध्ये वळवाचा वारा सुटतो तेव्हा पूर्ण कव्हर घातलेली हलकी होडी म्हणजे शीड चढवलेलीच होडी असते. कव्हर होडीला बांधले म्हणून भागत नाही, होडीही जमिनीला बांधलेली लागते.

शिवणीबद्दल वेगळे लिहावे लागेल. फाटलेली शिवण हातात घेऊन पाहिली. वरच्या बाजूला, जिथे दिवसभर ऊन लागते, तिथला दोरा नखाने ओढला तरी तुटतो. तीच शिवण झालरीच्या दुमडीखाली, सावलीत गेली आहे तिथे मात्र दोरा दोन्ही हातांनी ओढूनही तुटत नाही. एकाच रिळाचा दोरा आहे. ऊन खाल्लेला भाग कुजला, सावलीतला शाबूत राहिला. म्हणजे उन्हाला न टिकणारा दोरा वापरला आहे. बाहेर राहणाऱ्या कव्हराला अतिनील किरणांना टिकणारा बाँडेड पॉलिएस्टर दोरा लागतो, आणि पैसे जास्त मोजायची तयारी असेल तर पीटीएफईचा (टेफ्लॉनचा). कापड 600 डेनियर पॉलिएस्टर आहे, ते अजून ठीक आहे, रंग थोडा उडाला आहे इतकेच. पण आतल्या बाजूचा पीयूचा (पॉलियुरेथेनचा, पाणी अडवणारा) थर सुटू लागला आहे. हात फिरवला तर बोटांना चिकट लागतो आणि वाळलेल्या पापुद्र्यासारखा ट्रॅम्पोलिनवर गळतो. ओल आणि उष्णता दोन्ही मिळाल्या की असा थर उलगडतो, आणि ओल आतच राहील अशी व्यवस्था तुम्ही स्वतः केली आहे: कव्हराला हवा खेळायला एकही झरोका नाही. पाणी न झिरपणारे कापड, झरोका नाही, वर पावसाळा. ट्रॅम्पोलिनवर आणि दोऱ्यांवर काळी बुरशी आली ती यामुळे. दोन्ही टोकांना, खालून तोंड असलेली जाळीची दोन भोके ठेवली असती तरी पुरले असते.

रिंगा निघून आल्याचेही लिहून ठेवतो. एकेरी दुमडीत रिंग ठोकली आहे. मागे पट्टीचा तुकडा घेऊन निदान तीन पदरांत ठोकायला हवी होती. शिवाय कडेला घातलेले इलास्टिक उन्हाने ढिले पडले आहे. प्लॅस्टिकची बक्कले वाऱ्याने हलवर आपटतात, जेलकोटवर बारीक चंद्रकोरीसारखे चरे उमटले आहेत. बक्कलामागे कापडी खिसा शिवणे हे पाच मिनिटांचे काम आहे. चेन मात्र चांगली आहे, तिन्ही कव्हरांची अजून सुरळीत चालते, हेही सांगितले पाहिजे.

निष्काळजीपणाचा आरोप आम्हाला अजिबात मान्य नाही, आणि त्याचे कारण तुमचेच माहितीपत्रक आहे. आम्ही ते वाचले. त्यात लिहिले आहे की साठवणीत हलचे ड्रेन प्लग (पाणी काढायच्या भोकांची बुचे) घट्ट लावून ठेवावेत. हे उलट आहे. काठावर लावून ठेवलेल्या होडीचे प्लग काढून ठेवायचे असतात आणि होडीची पुढची बाजू थोडी उंच ठेवायची असते, म्हणजे आत झिरपलेले पाणी मागच्या भोकातून निघून जाते. हल बंद असेल तर दुसरीही पंचाईत आहे: आतली हवा रात्री 15 अंश आणि दुपारी 45 अंश झाली तर दाब साधारण 10 टक्क्यांनी वाढतो, आणि हा ताण रोज डेक आणि हलच्या जोडावर येत राहतो. उन्हाळ्यात पुण्यातल्या पांढऱ्या हलच्या आतली हवा दुपारी 45 अंशांवर जायला फार कष्ट पडत नाहीत.

संचातले फोमचे ठोकळे 15 सें.मी. रुंद आहेत आणि ते ‘हलच्या मधोमध’ ठेवा असे पत्रकात म्हटले आहे. हॉबी 16चा हल म्हणजे फायबरग्लासच्या दोन थरांत फोम, आणि तो केळ्यासारखा वाकलेला असतो. त्याला मधोमध एकच अरुंद आधार दिला की सगळा भार एका पट्टीवर येतो आणि आतला फोम दबतो. आधार हवा तो पुढच्या आणि मागच्या आडव्या नळीचे पाय जिथे हलवर बसतात त्याच्या खाली, प्रत्येक हलला दोन, आणि ठोकळा निदान 30 सें.मी. रुंद, हलच्या गोलाईप्रमाणे खोलगट केलेला. तिन्हींपैकी एका होडीच्या उजव्या हलवर ठोकळ्याच्या जागी नाण्याने ठोकले तर टक् ऐवजी भद्द आवाज येतो. त्याचा दोष आम्ही तुमच्या माथी मारत नाही. होडी जुनी आहे, दुखणे आधीचेही असेल. पण तुमच्या पत्रकाप्रमाणे ठेवली तर नवीही अशीच होईल. रोटोमोल्डेड (साचा फिरवून घडवलेल्या) पॉलिथिलीनच्या, हॉबी वेव्हसारख्या होडीला तर उन्हात असा अरुंद ठोकळा खड्डाच पाडेल. पत्रकात त्या दोन प्रकारांत काही फरकच केलेला नाही.

आमची मागणी अशी: तिन्ही कव्हरे आमच्या होड्यांवर माप घेऊन नव्याने बेतून द्यावीत, कण्याच्या दोरीसकट किंवा तीन तुकड्यांची. दोरा पॉलिएस्टरचा, रिंगा खऱ्या पितळी, पट्टे पॉलिप्रॉपिलीनऐवजी पॉलिएस्टरचे, आणि झरोके ठेवावेत. माप घ्यायला तुमचा माणूस आला तर होड्या कव्हराविना उभ्या करून ठेवू. टेपसोबत ओळंबाही आणायला सांगावे. हे जमणार नसेल तर तिन्ही कव्हरांची आणि ठोकळ्यांची पूर्ण रक्कम परत करावी. जुना माल तुम्ही घेऊन जावा, वाहतूकखर्च आमच्याकडे मागू नये. माहितीपत्रकातल्या प्लग आणि ठोकळ्यांच्या सूचना तातडीने बदलाव्यात. ही शेवटची गोष्ट आमच्या पैशांइतकीच महत्त्वाची आहे, कारण हेच पत्रक दुसऱ्या कोणाच्या होडीबरोबरही जात असणार.

हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत निर्णय कळवावा. सदोष माल परत न घेणे ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे आमच्या बाबतीत पुण्यातच. तिथपर्यंत जायची आम्हाला हौस नाही. होड्या सध्या उसन्या ताडपत्र्यांखाली उभ्या आहेत आणि पावसाळा सप्टेंबरअखेरपर्यंत आहे.

फाटलेल्या एका कव्हराचा डोलकाठीच्या चिरेजवळचा हातभर तुकडा कापून सोबत पाठवत आहोत. त्यावर उन्हातली आणि सावलीतली अशी दोन्ही शिवण आहे, ओढून पाहावी. बिलाची प्रत, छायाचित्रे आणि एक सुटी रिंगही जोडली आहे.

आपले,
तीन कॅटामरानचे मालक,
खडकवासला, पुणे