शनिवारची पालक बैठक: प्रगतिपुस्तकातले शब्द समजून घेऊ

नमस्कार पालकहो,

चौथी ते सहावीच्या पालकांची बैठक येत्या शनिवारी सकाळी १० वाजता शाळेच्या ग्रंथालयात आहे. वर्गशिक्षक असतील. घरातून एकजण आला तरी चालेल. मुलांना आणू नये.

मागच्या सत्राचे प्रगतिपुस्तक आणि गणिताची वही सोबत आणा. त्याआधी हे शब्द वाचून ठेवा, दरवेळी गोंधळ इथेच होतो:

• आकारिक मूल्यमापन: शिकणे चालू असतानाची तपासणी. तोंडी प्रश्न, प्रकल्प, छोट्या चाचण्या. मूल कुठे अडते ते कळावे, मुख्यतः यासाठी. यातल्या कमी गुणांवरून कृपया रागावू नका.
• संकलित मूल्यमापन: सत्राअखेरचे.
• अध्ययन निष्पत्ती: शिकून झाल्यावर मुलाला काय करता यायला हवे ते. 'अपूर्णांक शिकवले' ही निष्पत्ती नव्हे. '१/२ आणि २/४ समान का, हे चित्र काढून दाखवते' ही निष्पत्ती.

तिसरीपर्यंत धडा नीट वाचता आला की भागत होते. आता उताऱ्याचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहायचा असतो, शाब्दिक उदाहरणांत दोन-तीन पायऱ्या असतात. त्यामुळे पाढे तोंडपाठ असलेले मूलही अडखळते. प्रकल्प मात्र मुलांनीच करायचे आहेत (आपल्यापैकी बऱ्याच जणांचा हात शिवशिवतो, माझाही!).

प्रश्न गुरुवारपर्यंत गटावर पाठवा. एखाद्याच मुलाबद्दलचा प्रश्न असेल तर तो इथे नको, बैठकीनंतर वर्गशिक्षकांना वेगळे भेटा.