एडमोनियाची छिन्नी तिच्याच हातात होती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन शिल्पकार एडमोनिया लुईस हिच्यावरचा रविवारच्या पुरवणीतला लेख काल वाचला आणि दिवसभर हातातल्या मातीकडे लक्ष लागलं नाही. ओबर्लिन कॉलेजात तिच्यावर आलेला विषप्रयोगाचा आळ, तिला झालेली मारहाण, तिची लाल टोपी, तिचं अविवाहित राहणं या सगळ्याला भरपूर जागा मिळाली. तिच्या कामाबद्दल मात्र एक ओळ, आणि तीही अशी की रोममध्ये इटालियन कारागिरांनी तिचे पुतळे घडवून दिले.

हे वाचून राग आला. त्या काळी रोम-फ्लॉरेन्समधल्या बहुतेक अमेरिकन शिल्पकारांची पद्धत तीच होती, हे खरं. शिल्पकाराने मातीकाम करायचं, त्यावरून प्लास्टर काढायचं आणि संगमरवर कारागिरांनी कोरायचा. हायरम पॉवर्स, विल्यम स्टोरी यांनी असंच काम केलं. पण हॅरिएट हॉस्मर या बाई शिल्पकाराने हेच केलं, तेव्हा तिचा ‘झेनोबिया’ राणीचा पुतळा तिचा नव्हेच, असं १८६३ साली लंडनच्या नियतकालिकांत छापून आलं. तिला अब्रुनुकसानीचा दावा लावावा लागला. एडमोनिया त्यानंतर दोन-तीन वर्षांतच रोमला पोचली. बापाकडून कृष्णवर्णीय, आईकडून ओजिब्वे या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीची. तिच्यावर संशय घ्यायला लोक टपलेलेच असणार, हे तिला कळत होतं. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत तिने दगड स्वतः फोडला, स्वतः घासला. कारागिरांना द्यायला पैसेही नव्हते. पुढे कामं वाढल्यावर तिने मदतनीस घेतले. पण १८६७ चं ‘फॉरेव्हर फ्री’, तुटलेली बेडी उंचावणारा तो माणूस आणि शेजारी गुडघे टेकलेली ती बाई, ज्या काळात घडलं, त्याच काळाबद्दल आपल्या लेखात नेमकं उलट लिहिलं आहे.

मला हे इतकं का लागलं तेही सांगते. १९९१ मध्ये एका शिक्षणसंस्थेच्या संस्थापकांचा अर्धपुतळा मी केला. आर्मेचर, म्हणजे आतला सांगाडा, बांधण्यापासून मातीकामापर्यंत चार महिने माझे. साचा आणि ब्राँझचं ओतकाम माझ्या यजमानांनी पाहिलं. कमिटीची मंडळी माती बघायला यायची आणि नाक थोडं बारीक करा, मिशी खाली घ्या, असं यजमानांना सांगायची. ते दरवेळी म्हणायचे, ‘पुतळा हिचा आहे, हिला सांगा.’ अनावरणाच्या दिवशी फलकावर नाव त्यांचंच निघालं. त्यांनी स्वतः संस्थेला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. यजमान आता नाहीत. गेल्या वर्षी मी मुद्दाम तिकडे जाऊन आले. जुना फलक काढून नवा पितळी बसवला आहे, आणि त्यावरही तेच नाव.

लेखात ‘क्लिओपात्राचा मृत्यू’चा फोटो आहे, पण त्याखाली शिल्पाचं नाव नाही, साल नाही. सव्वा टनाहून जड असलेला तो पुतळा १८७६ साली फिलाडेल्फियाच्या शतकमहोत्सवी प्रदर्शनात मांडला होता. इतरांची क्लिओपात्रा मरणाचा विचार करत बसलेली असते, हिने ती मेलेलीच दाखवली. मान मागे कललेली, एक हात खाली लोंबणारा. लोक हादरले होते. मग तो पुतळा शिकागोच्या एका दारूच्या गुत्त्यात गेला, तिथून शर्यतीच्या मैदानावर, क्लिओपात्रा नावाच्याच एका घोडीच्या थडग्यावर. पुढे साहित्य ठेवायच्या आवारात पडून राहिला, कुणीतरी त्याला रंगही फासला. १९९४ मध्ये तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आला. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं तो बेवारस होता. त्याच्या फोटोखाली आपण एक ओळ छापायला हवी होती.

तिची स्वतःची कबरही लंडनच्या केन्सल ग्रीनमधल्या दफनभूमीत वर्षानुवर्षं अशीच निनावी होती. २०१७ मध्ये तिच्यावर नाव कोरलेला दगड बसला.

कारागिरांबद्दलची चूक दुरुस्त करावी, एवढंच मागणं आहे. दुरुस्ती पुरवणीतच, त्याच पानावर यावी.

आपली,
एक शिल्पकार वाचक, कोल्हापूर