मेणबत्ती धरणारा बॅरिमोर

संपादक महोदय,

रहस्यकथेतला पक्का संशयित शेवटी सज्जन निघाला की 'लेखकाने फसवलं' अशी ओरड होते. शेरलॉक होम्सच्या 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' (१९०१-०२) मधल्या बटलर बॅरिमोरच्या बाबतीत तरी ती खोटी आहे. पाळत ठेवणाऱ्या अनोळखी माणसासारखी काळी दाढी, मेलेल्या मालकाच्या मृत्युपत्रात नवरा-बायकोला प्रत्येकी ५०० पौंड, रात्री दोनच्या सुमारास मेणबत्ती घेऊन चोरपावलांनी रिकाम्या खोलीत जाणं, वर बायको रडलीच नाही असं धडधडीत खोटं. आणखी काय हवं?

पण खिडकीतली मेणबत्ती म्हणजे माळावर लपलेल्या फरारी कैद्याला 'जेवण तयार आहे' ही खूण. पलीकडून दिवा दिसला की ते कुठे पोचवायचं हे कळे. कैदी सेल्डन हा बायकोचा धाकटा भाऊ. त्या खिडकीतून माळ सर्वांत जवळ दिसतो, हे होम्सचा मित्र वॉटसन याने आधीच टिपलंय; त्याला मात्र आधी प्रेमप्रकरणाचा संशय येतो! म्हणजे धागा वाचकाच्या हातात होताच.

तरीही बॅरिमोरचे हात अगदी कोरे नाहीत. मालकाचा वारस सर हेन्री याने दिलेले जुने कपडे त्याने मेहुण्याला दिले. सर हेन्रीला मारण्यासाठी खलनायकाने शिकारी कुत्र्याला त्याच्या बुटाचा वास दिलेला; तो त्या कपड्यांच्या मागे लागला आणि सेल्डन कड्यावरून पडून मेला. वाचवलं होतं तेही कुणाला, तर लंडनच्या नॉटिंग हिल भागातल्या खुन्याला, म्हणजे याच सेल्डनला.

– एक रहस्यकथाप्रेमी वाचक