गॅलन कोणता, ते आधी पाहा

महोदय,

कालच्या अंकातला देशोदेशीच्या पेट्रोलदरांचा तक्ता चुकीचा आहे, आणि चूक किरकोळ नाही. अमेरिकी गॅलन 3.785 लिटरचा, ब्रिटिश गॅलन 4.546 लिटरचा. अमेरिकेतला गॅलनचा भाव 4.546 ने भागला की लिटरचा दर जवळपास 17 टक्क्यांनी कमी दिसतो. तुमच्या तक्त्यात नेमके तेच झाले आहे.

मायलेजच्या रकान्यातही तोच घोळ. ब्रिटनमध्ये पंपावर पेट्रोल लिटरने मिळते, पण गाडीचे ॲव्हरेज अजूनही गॅलनला किती मैल असेच सांगतात, आणि तो गॅलन त्यांचा, मोठा. म्हणून तिथली 48 मैलांची गाडी आणि अमेरिकेतली 40 मैलांची गाडी सारखेच पेट्रोल पितात, 100 किलोमीटरला सुमारे 5.9 लिटर. तुम्ही मात्र पहिलीला काटकसरी ठरवून मोकळे झालात! अमेरिकी आकड्याने 235 ला भागा, ब्रिटिश आकड्याने 282 ला. 100 किलोमीटरला किती लिटर ते मिळते. सरासरीही याच मापात काढावी लागते. गॅलनला 10 आणि 40 मैल देणाऱ्या दोन गाड्या सारखेच अंतर धावल्या, तर सरासरी 25 नव्हे, 16 येते.

‘पेट्रोल स्वस्त तिथे प्रवास स्वस्त’ हा मथळा तर मुळातच टिकत नाही. एका देशात लिटरचा भाव दुप्पट, पण गाडी 12 ऐवजी 6 लिटर पीत असेल, तर किलोमीटरचा खर्च सारखाच. त्यात वर्षाचे अंतर निम्मे असेल तर महाग पेट्रोलवाल्याचे वर्षाचे बिल निम्म्यावर येते. अमेरिकेत एक चालक वर्षाला सरासरी सुमारे 13,500 मैल, म्हणजे 21,700 किलोमीटर गाडी चालवतो. ब्रिटनचे आकडे बहुधा दर गाडीमागे दिलेले असतात, दर चालकामागे नव्हे. ते शेजारी मांडताना हा फरक लिहायलाच हवा.

भावातली तफावत येते ती मुख्यतः करातून. अमेरिकेचा केंद्रीय कर 1993 पासून गॅलनला 18.4 सेंट, म्हणजे लिटरला पाच सेंटही नाही, राज्यांचा वेगळा. ब्रिटनमध्ये शुल्क मार्च 2022 मध्ये कमी केले, तरी ते लिटरला 52.95 पेन्स होते, आणि त्या शुल्कावरही 20 टक्के मूल्यवर्धित कर लागतो. याबद्दल तक्त्याखाली एक ओळही नाही.

आणखी एक. अमेरिकेत 87 ऑक्टेनचे (ऑक्टेन म्हणजे इंजिनात ठोके न देता जळण्याची पेट्रोलची क्षमता दाखवणारा आकडा) ‘हलके’ पेट्रोल विकतात, हे वाक्यही मागे घ्या. तिथे पंपावर रिसर्च आणि मोटर या दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, युरोपात फक्त रिसर्च. तिथले 87 म्हणजे युरोपीय मोजणीने 91-92.

दुरुस्त तक्ता त्याच पानावर, तेवढ्याच आकारात छापावा.

– एक वाचक