आजारांचेही पंचांग असते

महोदय,

2025 मध्ये गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा मिळाला, आनंद आहे. आमच्या सिंधुदुर्गात तो आधीपासूनच होता, फक्त शासन निर्णय निघायचा राहिला होता. त्या वर्षी एसटीने 5 हजारांवर जादा गाड्या सोडल्या, कोकण रेल्वेनेही विशेष गाड्या दिल्या, पक्षांनी मोफत बस काढल्या आणि 2011 पासून चौपदरी होत असलेल्या महामार्गाचे खड्डे मोजत चाकरमानी घरी पोचले. नाक्यानाक्यावर स्वागताचे बॅनर. मध्यभागी इच्छुक उमेदवार, बाप्पा कोपऱ्यात. जिल्हा परिषदेवर मार्च 2022 पासून प्रशासक बसलेला होता, त्यामुळे इच्छुकही तीन वर्षांचे उपाशी होते. एका संध्याकाळी आमच्या गणपतीच्या माटवीखाली तीन पक्षांची माणसे एकत्र 'घालीन लोटांगण' म्हणत होती. बाहेर पडताच तिघांनी तीन वेगळे फोटो टाकले.

त्यातल्या एकाला आमच्या काकीने विचारले, "मोदक खावा, पण आधी सांगा, रातचा फुरसा चावला तर जावचा खंय?" साहेबांनी कार्यकर्त्याला नाव लिहून घ्यायला सांगितले. काकीचे की फुरशाचे, ते कळले नाही.

काकीचा प्रश्न मात्र चेष्टेचा नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच इंजेक्शन चालते. ते जवळच्या आरोग्य केंद्रात असेल आणि द्यायला डॉक्टर जागेवर असेल, तर माणूस बहुतेकदा वाचतो. महाडमध्ये राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावरच्या उपचारांची दिशा बदलली, तीही याच कोकणात. पण डॉक्टरांच्या रिकाम्या पदांची रड जुनीच, आणि रुग्ण गंभीर झाला की अजूनही गाडीचे तोंड गोव्याकडे, बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाला वळते.

लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, तर आणखी विचित्र. उंदीर, गुरे यांच्या मुतातले जंतू शेतातल्या चिखलपाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून अंगात शिरतात. बारमाही शेतकऱ्याला निदान हे ठाऊक असते. वर्षभर बूट घालणारा चाकरमानी गावी आला की हौसेने अनवाणी व्हाळात (ओढ्यात) उतरतो, मळ्यात फिरतो, रील काढतो. ताप साधारण एक-दोन आठवड्यांनी येतो, म्हणजे तोवर स्वारी डोंबिवलीत! तिथला डॉक्टर डेंग्यू, मलेरिया तपासतो. पोटऱ्या दुखतात, डोळे लाल झालेत, मग गावी शेतात गेला होता का, हे विचारायचे त्याला सुचेलच असे नाही. मुंबईकरांनी हे स्वतःहून सांगावे. प्रतिबंधाची डॉक्सिसायक्लिन आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, तीही डॉक्टरांना विचारून.

शिमग्याच्या आसपास माकडतापाची पाळी. 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात तो दिसला तेव्हा काजूच्या बागांत राबणारी माणसे धास्तावली होती, कारण तो गोचिडीतून येतो आणि पालापाचोळा गोळा केल्याशिवाय काजूची बाग चालत नाही.

म्हणजे कुठल्या महिन्यात काय येणार, हे आम्हालाही पाठ आहे आणि आरोग्य खात्यालाही. एसटीला गणपतीत दुप्पट माणूस येणार हे कळते, म्हणून ती इतर विभागांतून गाड्या आणि चालक मागवते. मग त्याच पंधरा दिवसांसाठी इतर जिल्ह्यांतून डॉक्टर, परिचारिका का येऊ शकत नाहीत? सण आला की मोफत बस मिळते, कारण बसवर फोटो लावता येतो. इंजेक्शनच्या कुपीवर फोटो मावत नाही, एवढीच काय ती अडचण असावी.

निवडणूक लागली की हीच मंडळी पुन्हा दारात येतील. बॅनर लावायचेच असतील तर लावा, पण खाली एक ओळ टाका: आमच्या जिल्हा परिषद गटातल्या आरोग्य केंद्रात रात्री कोण डॉक्टर असतो आणि सर्पदंशाची इंजेक्शने किती आहेत. फोटो थोडा लहान करावा लागेल. काकी चष्मा लावून वाचणार आहे.

– एक वाचक, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग