उत्तरासोबत ‘कशावरून?’ हेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत शब्दकोड्याच्या वर एक चौकट येते. जगाच्या इतिहासाबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची एका ओळीतली उत्तरं. घरात पुरवणी आली की मी आधी तीच शोधते. म्हणूनच हे पत्र लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात ‘नेपोलियन बुटका होता का?’ या प्रश्नाला ‘होय, उंची 5 फूट 2 इंच’ असं उत्तर आलं. आकडा कागदोपत्री बरोबर आहे, उत्तर मात्र चुकलं. ही मोजणी फ्रेंच मापातली आहे. तेव्हाचा फ्रेंच इंच सुमारे 2.71 सेंटीमीटरचा, तर इंग्रजी इंच 2.54चा. हिशेब केला तर उंची भरते जवळपास 168 सेंटीमीटर, म्हणजे आजच्या मापाने साधारण साडेपाच फूट. त्या काळच्या फ्रेंच पुरुषांमध्ये ही उंची मुळीच कमी नव्हती. वर जेम्स गिलरेसारख्या इंग्रज व्यंगचित्रकारांनी शत्रूला टीचभर रंगवलं आणि तीच प्रतिमा लोकांच्या डोक्यात बसली. हे चार ओळींत सांगता आलं असतं. मग वाचकाला नेपोलियनची उंचीही कळली असती आणि दोन देशांची मापं वेगळी असली की इतिहासात काय घोटाळा होतो, तेही.

मी 31 वर्षं शाळेत इतिहास शिकवला. वर्गात एक प्रश्नपेटी ठेवलेली असे. नाव न घालता चिठ्ठी टाकायची, शनिवारी पेटी उघडायची. तहांची कलमं कधीच कोणी विचारली नाहीत. पिरॅमिड बांधणारे मजूर काय खायचे, हे मात्र दरवर्षी कोणीतरी विचारायचंच. काही सहकारी याला पोरकटपणा म्हणत. मला तसं कधी वाटलं नाही. सुमारे 2500 वर्षांपूर्वी ग्रीक इतिहासकार हिरोडोटस इजिप्तला गेला, तेव्हा त्यानेही याच गोष्टीची नोंद करून ठेवली. मजुरांच्या मुळा, कांदा आणि लसणावर 1600 टॅलेंट (टॅलेंट हे तेव्हाचं वजनाचं माप) चांदी खर्च झाल्याचं पिरॅमिडवर कोरलेलं आहे, असं त्याला दुभाष्याने सांगितलं होतं. पण हिरोडोटसच्या वेळी गिझा इथला खुफू राजाचा पिरॅमिड दोन हजार वर्षांचा झाला होता. ऐकीव माहितीच ती, कितपत धरायची?

त्याहून पक्का पुरावा आपल्या हयातीत हाती आला. 1990 साली गिझाजवळ एका घोड्याचा पाय विटांच्या भिंतीला अडखळला आणि तिथे मजुरांच्या कबरी सापडल्या. त्यांतल्या काही सांगाड्यांची हाडं मोडून पुन्हा नीट जुळलेली आहेत, म्हणजे जखमी मजुरांवर कोणीतरी उपचार करत होतं. जवळच वस्ती निघाली, पाव भाजण्याच्या भट्ट्या निघाल्या. मग 2013 साली लाल समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून बनवलेल्या प्राचीन कागदाचे, तुकडे मिळाले. लिहिलेले पपायरस म्हणून आज माहीत असलेले हे सर्वांत जुने. त्यांत मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजची नोंदवही आहे! सुमारे 40 माणसांची त्याची टोळी. तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीत भरायचे, नाईल आणि कालव्यांतून गिझाला पोचवायचे, रिकाम्या होडीने परत यायचं. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. पिरॅमिड परग्रहवासीयांनी बांधले का, हा प्रश्न आपल्याकडेही अनेकदा आला आणि ‘नाही’ एवढंच उत्तर छापलं गेलं. नुसत्या ‘नाही’ने कोणाचं समाधान होणार? मेरेरची वही दाखवा.

प्रश्नपेटीतली माझी सर्वांत लाडकी चिठ्ठी मात्र वेगळीच होती: ‘कॅलेंडरमधून काढून टाकलेल्या दिवसांचं घरभाडं लोकांनी दिलं का?’ युरोपात पूर्वी चालणाऱ्या ज्युलियन कॅलेंडरचं वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे 11 मिनिटांनी मोठं. ही मिनिटं साठत गेली आणि सोळाव्या शतकापर्यंत तब्बल 10 दिवसांचा फरक पडला. म्हणून पोप तेरावे ग्रेगरी यांनी 1582 मध्ये 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर आणला. ब्रिटनने हे 1752 मध्ये स्वीकारलं. तिथे 2 सप्टेंबरनंतर 14 सप्टेंबर उजाडला. रशियाने तर 1918पर्यंत वाट पाहिली, म्हणून तिथली ‘ऑक्टोबर क्रांती’ आपल्या तारखेने 7 नोव्हेंबरला येते.

आता भाड्याचं. ब्रिटिश कायद्यात त्याचा विचार केलेला होता. भाडं, व्याज, कर्जाची परतफेड यांची मुदत या बदलामुळे अलीकडे ओढली जाणार नाही, जुन्या हिशेबाने दिवस पूर्ण भरल्यावरच पैसे द्यायचे, असं त्यात स्पष्ट होतं. ब्रिटनचं करवर्ष आजही 6 एप्रिलला सुरू होतं, त्याचं मूळ या 11 दिवसांच्या उडीत आहे. ‘आमचे 11 दिवस परत द्या’ म्हणत तिथे दंगली उसळल्या, हे मीसुद्धा कैक वर्षं वर्गात सांगत होते. पुढे कळलं की अशा दंगलींचा समकालीन पुरावाच नाही. विल्यम होगार्थने निवडणुकीवर काढलेल्या एका चित्रात ती घोषणा आहे, आणि त्यावरून दंगलींची कथा तयार झाली. ज्यांना मी ती शिकवली त्या मुलांपर्यंत आता मला पोचता येत नाही, याची रुखरुख आहे. आपल्याला दर रविवारी पोचता येतं.

एखाद्या प्रश्नाचं उत्तर कोणालाच माहीत नसेल, तर तेही मोकळेपणाने छापावं. 1936 साली लंडनच्या एका प्रदर्शनात 14 वर्षांच्या मायकेल व्हेंट्रिसला क्रीट बेटावरच्या मातीच्या पाट्या पाहायला मिळाल्या. त्या खोदून काढणारे आर्थर इव्हान्स तिथे होते. यावरची लिपी अजून कोणाला वाचता आलेली नाही, हे त्या मुलाला तिथे कळलं. पुढे तो वास्तुरचनाकार झाला, पण लिपी काही डोक्यातून गेली नाही. 1952 मध्ये त्याने ती लिपी, म्हणजे लिनियर बी, वाचून दाखवली. भाषा प्राचीन ग्रीक निघाली. या लिपीची थोरली बहीण लिनियर ए आजही कोणाला वाचता आलेली नाही. ‘क्रीटमधले लोक काय लिहायचे?’ असा प्रश्न आपल्याकडे आला, तर कृपया हे जरूर छापा.

जागेची अडचण मी समजू शकते. आठवड्याला पाच प्रश्नांऐवजी दोनच घ्या, पण प्रत्येकाखाली ‘कशावरून?’ म्हणून चार ओळी द्या. नेपोलियनच्या उंचीची दुरुस्ती येत्या रविवारी आली तर फार बरं वाटेल.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका